उंडणी बेटाची वाकडी वाट

उंडणीला जाणाऱ्या होडीत कुणी ना कुणी फोन काढतंच. मॅप उघडतं, वरून घेतलेला बेटाचा फोटो दोन बोटांनी मोठा करतं आणि अख्ख्या होडीला ऐकू जाईल असं ओरडतं, "ए, हे बघा ना! हे काय आहे?"

आणि खरंच, बघण्यासारखंच आहे ते. उंडणी म्हणायला एक बेट, पण मुळात त्या दोन टेकड्या. मोठीला म्हणतात थोरली. तिच्यावर माड, गोड्या पाण्याची विहीर, शाळा, वेळाईदेवीचं देऊळ आणि बरीचशी वस्ती. दुसरी लहान, खडकाळ, तिच्यावर उंडीची जुनी झाडं आणि एकमेकांना चिकटून बसलेली थोडीशी कौलारू घरं. ती धाकटी. दोघींच्या मधे समुद्र. एका ठिकाणी तर दोघी इतक्या जवळ येतात की या काठावरून शिवी दिली तर त्या काठावर लागते. आता दोन टेकड्या जोडायच्या म्हटल्यावर कुणीही तिथेच जोडेल ना? पण नाही! मोठ्या ओहोटीला पाणी उतरलं की जी पांढरी वाट वर येते, ती त्या जवळच्या जागेकडे ढुंकूनही बघत नाही. थोरलीवरून निघते, थेट उघड्या समुद्रात शिरते, कोयत्यासारखं वळण घेते आणि भला मोठा वळसा घालून धाकटीला मागच्या अंगाने जाऊन टेकते.

"सरळ का नाही बांधली?" हा पुढचा प्रश्न. तोही ठरलेला.

सुकाणूवर जैवंतआबा तांडेल असतात. उंडणीच्या पाण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलंय. ते मान वळवत नाहीत. समोर बघतच म्हणतात, "बांधली होती सरळच. दर्याने वाकवली."

मग इंजिनाचा आवाज ते जरा कमी करतात, आणि होडीतले सगळे आपोआप पुढे सरकून बसतात. आबा दर दोन वाक्यांनी 'म्हणे' म्हणतात, म्हणजे उद्या कुणी पुरावा मागितला तर हात वर करायला मोकळे. पण सांगतात असं, की जणू काठावर उभं राहून सगळं स्वतः बघितलंय.

तर, फार पूर्वी म्हणे वाटच नव्हती. थोरली वेगळी, धाकटी वेगळी, आणि मधल्या चिंचोळ्या पाण्याला दोन्हीकडची माणसं 'धार' म्हणायची. एरवी धार ओलांडायला होड्या होत्या. पण पावसाळा तोंडावर आला की होड्या वर ओढायच्या, माडाच्या झापांखाली झाकायच्या, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय खाली आणायच्या नाहीत. तोवर समोरासमोर राहायचं आणि एकमेकांना नुसतं बघायचं. धाकटीवरची माणसं कौलांवरचं पाणी रांजणात धरून प्यायची, सुकटीवर दिवस काढायची. आणि कुणी बाई अडली, तर उंडीच्या सगळ्यात उंच झाडावर लाल लुगडं टांगायची. म्हणजे काय, तर 'आवडाला पाठवा.'

आवडा ही थोरलीवरची सुईण. नवरा तरुणपणीच दर्यात गेलेला, पदरी एक मुलगी, तानू. दोन्हीकडची जवळजवळ सगळी पोरं आवडाच्याच हातावर पडलेली. त्यामुळे भांडणात कुणी बाप्या तिच्यापुढे आवाज चढवायला लागला की ती एवढंच म्हणायची, "उलटा धरून थापटलाय तुला मी." विषय संपला!

एका पावसाळ्यात धाकटीवर लुगडं चढलं. हौसा नावाची नवी सून अडली होती. आवडाचा दीर रायबा, बेटावरचा सगळ्यात तयारीचा तांडेल, त्याने गडी गोळा करून होडी खाली ओढली. धारेने ती पुढे जाऊच दिली नाही. उलटी केली आणि खडकावर आपटली. रायबा कसाबसा बाहेर आला. आवडा काठावर उभी राहिली. अख्खा दिवस. समोर लुगडं फडफडतंय, धाकटीवरच्या बायका दिसतायत, त्यांचे हलणारे हात दिसतायत, आणि मधे हे एवढंसं पाणी. दिवस मावळायच्या आत लुगडं खाली उतरलं. हौसा गेली, तिचं बाळही गेलं.

आवडा तशीच ओल्या लुगड्याने वेळाईच्या देवळात गेली. वेळाई म्हणजे किनाऱ्याची देवी, या लोकांची आई. तिला फूल नाही, कुंकू नाही. आवडा सरळ म्हणाली, "पुढल्या वेळेला मी होडीची वाट बघणार नाय. चालत जाणार. वाट तू करून दे, नायतर मी करते. आणि ती होईस्तोवर कालव म्हणून तोंडात घालणार नाय."

ऐकायला किरकोळ वाटतं, नाही का? पण उंडणीच्या माणसाने कालवं सोडायची म्हणजे काय, हे उंडणीच्या माणसालाच विचारा. तिथे कालव म्हणजे भाजी, कालव म्हणजे आमटी, पाहुण्याला कालव, सणाला कालव. आसपासच्या खडकांवर ती अशी चिकटून असतात की खडक दिसत नाही. थोरलीवरच्या बायका ओहोटीला ती काढून आणायच्या, चुलीच्या निखाऱ्यात भाजायच्या, तोंड उघडलं की आतला गर काढून घ्यायच्या आणि काळ्या पडलेल्या रिकाम्या शिंपा घरामागे भिरकावायच्या. पिढ्यान् पिढ्या हेच. प्रत्येक घरामागे शिंपांचा डोंगर, त्यात विंचू, त्यात पोरांचे पाय कापतायत, कुणाला काही नाही.

आवडाने पाटी घेतली. आधी स्वतःच्या घरामागचा ढीग, मग शेजारचा. ओहोटी लागली की पाटी डोक्यावर घ्यायची, धारेवर जायचं आणि शिंपा पाण्यात ओतायच्या. कुठे ओतायच्या हे तिने क्षणभरही शोधलं नाही. हौसासाठी जिथे उभी राहिली होती, तिथेच. त्या जागेवरून तिचे पायच हलत नव्हते.

गावाला काय, करमणूक झाली!

"आवडे, दर्या बुजवतेस काय गो?" विहिरीवरच्या बायका विचारायच्या.

"तुमची तोंडं बुजवण्यापेक्षा सोपं हाय."

रायबा तर रोजचा. जाळं शिवत बसलेला असायचा, तिला जाताना बघून सुई थांबवायचा. "वैनी, धारेत टाकतेस ते धार घेऊन जाते. उद्या गोव्याला सापडतील तुझ्या शिंपा."

"सापडल्या तर उचलून आणा भावजी. मोकळ्या हाताने येऊ नका."

हसण्यावारी नेत होता तो, पण खरं तेच होतं. धार ही चिंचोळी जागा, सगळं पाणी तिथूनच घुसायचं, आणि चिंचोळ्यातलं पाणी ओढीचं. पाटीभर शिंपा खाली जाताना दिसायच्या, पुढच्या ओहोटीला एक शिंप जागेवर नसायची. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरंही गेलं. घरामागचे ढीग सपाट झाले, तिथे अळू लावलं बायकांनी. आता रोजच्या चुलीवरच्या शिंपा तेवढ्या उरायच्या. त्याही बायका तिच्या दारात आणून ठेवायला लागल्या, थोड्या थट्टेने आणि थोड्या, आपलं अंगण साफ राहतंय म्हणून. धारेत मात्र काही म्हणजे काही वर आलं नाही.

एकदा रायबा होडी घेऊन धाकटीच्या पश्चिमेकडून येत होता. तिकडे मासळी नाही, खडक फार, त्यामुळे सहसा कुणी जात नाही. मधेच होडीचं बूड खरखरलं. घरी येऊन चिडचिड केली त्याने, "तिथं कंदी नव्हता तो खडक आला कुठून?" त्याच्या बायकोने विचारलं, "झोपला होतात काय?" झालं, तो खडक तिथेच बुडाला. पुढे रायबा ती जागा लांबून टाळायचा, बाकीचेही टाळायला लागले, बस्स.

अशातच तानूला धाकटीवरचं स्थळ आलं. आता हौसाचं झाल्यापासून थोरलीवरचं कुणी धाकटीवर मुलगी द्यायला तयार नसायचं. आवडा तर मुळीच नाही. पण मुलगा तानूच्या मनातला होता, दोघं समोरासमोरच्या काठांवर कालवं काढता काढता मोठे झालेले. आवडा म्हणाली, "पावसात अडलीस तर मी कशी येऊ?"

तानू म्हणाली, "आये, तू वाट करतेयस ना? मग मला कसली भीती?"

गावाने हसून जे मोडलं नव्हतं, ते पोरीने विश्वास टाकून अवघड करून ठेवलं. लग्न झालं. आणि आवडाची पाटी दिवसातून एकदा जायची ती दोनदा जायला लागली.

वर्षाच्या आत तानूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. सातवा लागला की होडीत घालून आणायची. पण उन्हाळ्याचे दिवस, धाकटीवर अंगणभर सुकट पसरलेली, पावसाच्या आत वाळवून भरायची. तानूची सासू सोनाय वाईट बाई नव्हती हां. कामाची होती, आणि कामाच्या माणसाला सगळं उद्या जमेल असं वाटत असतं. "एवढी सुकट आवरू दे, मग जा." तानूही म्हणाली, आवरते, मग जाते. आज नको, उद्या. उद्या नको, परवा. आणि मधेच एका दुपारी पश्चिमेकडून काळं आभाळ उठलं, पाऊस वेळेच्या आधीच येऊन उभा राहिला. वारं असं सुटलं की होड्या वर ओढण्यातच सगळ्यांची पळापळ. तानू राहिली धाकटीवर.

मग रोज सकाळी आवडा धारेच्या या काठावर, तानू त्या काठावर. पाण्याच्या आवाजात ओरडलेलं ऐकू जायचं नाही. सगळं हातवाऱ्यांनी. तानू बाजूने वळून पोट दाखवायची. आवडा मान डोलवायची. मग कमरेवर हात ठेवून चालून दाखवायची: चाल, बसून राहू नको. डोक्यावर हंडा घेतल्यासारखं करून दोन्ही हात जोरजोरात नाचवायची: उचलू नको! एकदा तर म्हणे आवडाने चिखलात उकिडवं बसून, कण्हून, कळा कशा द्यायच्या तेही करून दाखवलं, आणि पलीकडे तानू पोट धरधरून हसली. गावातली माणसं मात्र आता हसत नव्हती. तानूचं पोट कुणालाच बघवत नव्हतं.

मग एक सकाळ अशी आली की तानू काठावर आलीच नाही.

आषाढातली अमावस्या होती ती. आपण शहरातली मंडळी तिला गटारी म्हणून ओळखतो, पण तिकडे ती दिव्याची अवस. घरोघरी दिवे घासून पूजेला मांडायचे. आवडाही पहाटे उठून दिवे घासायला बसली होती, पण राख हातातच राहिली. पाऊस जरा उघडला होता, नुकतं उजाडत होतं, आणि समोर धाकटीवर उंडीच्या उंच झाडाला लाल लुगडं लागलं होतं.

ती धावली. मागून रायबा धावला, त्याच्यामागे गाव. अवसेची ओहोटी, म्हणजे वर्षातल्या मोठ्या ओहोट्यांपैकी एक, पाणी कधी नव्हे इतकं खाली गेलेलं. आवडाला वाटलं, आज तरी. इतक्या वर्षांच्या शिंपा, कुठेतरी पायाला लागतीलच. तिने पदर खोचला आणि धारेत पाय टाकला. पाय खाली गेला. गेला तो गेलाच. कमरेपर्यंत पाणी, दुसऱ्या पावलाला छातीपर्यंत, आणि धारेने तिला गवताच्या काडीसारखी उचलली. रायबाने खडकावरून झेप घेऊन तिचा अंबाडा पकडला म्हणून, नाहीतर गोष्ट इथेच संपली असती.

काठावर आणून टाकल्यावर ती रडली नाही. वेळाईला शिव्या घालायला लागली. घालायच्या तशा घातल्या. "सगळ्या गावाच्या शिंपा गिळल्यास! एक नाय ठेवलीस! पोट भरलं नाय तुझं? आता माझी पोर पण पायजे?" बायका कानांवर हात ठेवून मागे सरकल्या. रायबा मान खाली घालून उभा. लुगडं फडफडतंय.

शिव्या संपल्या, दम संपला, तेव्हा आवडाची नजर सहज पश्चिमेला गेली. तिकडे उघड्या समुद्रात बगळे होते. पुष्कळ बगळे. त्यात काय एवढं? बगळे असतातच. पण हे पोहत नव्हते, उडत नव्हते. उभे होते. भर पाण्यात, किनाऱ्यापासून कितीतरी लांब, एकामागे एक, रांगेत. त्यांच्या गुडघ्यांनासुद्धा पाणी लागत नव्हतं.

"भावजी," ती म्हणाली, "ते बगळे कशावर उभे हायत?"

रायबाने बघितलं. त्याच्या कानात होडीचं बूड खरखरलं. "वैनी, चला!" तो म्हणाला.

दोघं पुळणीच्या वाळूवरून थोरलीच्या पश्चिमेच्या टोकाला धावत गेली. तिथून पाण्यात उतरली. घोटाभर पाणी. आणखी पुढे, तरी घोटाभरच. पायाखाली कडक, खरबरीत काहीतरी कचकन वाजलं. आवडाने वाकून ओंजळ भरून वर काढली. शिंपा! कालवांच्या शिंपा. आता समुद्रात शिंपा असायच्याच, पण या आतून पांढऱ्या आणि पाठीवर काळ्या होत्या. भाजलेल्या. निखाऱ्यात भाजलेल्या! समुद्रात चूल कोण पेटवतं?

दर्याने एकही गिळली नव्हती म्हणे. तिने धारेत ओतलेली एकेक पाटी पाण्याने उचलली होती, धारेतून बाहेर काढली होती, आणि दोन्हीकडचं पाणी फिरून जिथे एकमेकांना भेटतं, थकतं, संथ होतं, तिथे नेऊन हळूच ठेवली होती. वर वाळू घातली, पुन्हा शिंपा, पुन्हा वाळू. आवडा चुकीच्या जागी टाकत राहिली आणि दर्या बरोबर जागी मांडत राहिला. काही जण म्हणतात हे वेळाईने केलं. काही जण म्हणतात दर्याने. जैवंतआबा म्हणतात, "दोघांचं आपापसात काय ते असेल, आपण कशाला मधे पडा."

पण वाट झाली म्हणून चालणं सोपं नव्हतं. कालवाची शिंप म्हणजे सुरी. थोड्या पावलांतच आवडाच्या तळव्यांतून रक्त यायला लागलं, खारं पाणी त्यात झोंबायला लागलं. ती थांबली नाही. रायबाच थांबला. त्याने डोक्यावरचं मुंडासं सोडलं. तांडेलाचं मुंडासं ते, देवासमोर सोडून कुठे उतरत नसे. टरकन फाडलं, भर समुद्रात गुडघ्यांवर बसला आणि भावजयीच्या दोन्ही पायांना गुंडाळून गाठी मारल्या.

"भावजी, हे काय करताय?"

"चला आधी. भरती लागंल."

ती चालत गेली. खरोखर चालत गेली. थोरलीच्या काठावर उभ्या असलेल्या गावाने बघितलं, ज्या पाण्यावरून आजवर होडीशिवाय कुणी गेलं नव्हतं त्यावरून आवडा सुईण निघालीय, तेही उलट्या दिशेने, उघड्या समुद्राकडे, मधून बगळे उडतायत, आणि मागून बोडक्या डोक्याने रायबा. मग ती वळली, वळणावर लहान लहान होत गेली आणि धाकटीच्या मागे दिसेनाशी झाली.

धाकटीवर तानूच्या दारात सोनाय उंबऱ्याला टेकून बसली होती. आवडाला दारात बघून तिला आधी वाटलं, भास होतोय. मग ती पायांवरच पडायला लागली. "मीच ठेवून घेतली गो... सुकटीपायी... मीच..."

"ते मागाहून रड," आवडा तिला ओलांडून आत जात म्हणाली. "आधी पाणी तापव."

मूल आडवं होतं. हौसाचंही आडवंच होतं, हे आवडाला तिथे गेल्यावर बायकांकडून कळलं. तिने हात धुतले, तेल घेतलं. तानूने डोळे उघडून आईकडे बघितलं आणि त्या अवस्थेत पोरगी काय म्हणाली असेल? म्हणाली, "आये, उशीर केलास."

"वाट वाकडी हाय बाय," आवडा म्हणाली. "आता मी सांगेन तेव्हा कळ दे. त्याच्या आधी नाय."

इकडे थोरलीवर गाव तसंच उभं. भरती चढली, वाट बुडाली, बगळे गेले. पुन्हा पाऊस सुरू झाला. कुणी घरी गेलं नाही. सगळ्यांचे डोळे त्या लाल लुगड्यावर. आणि दिवस वर आला तेव्हा लुगडं हललं, सैल झालं, आणि खाली उतरलं.

हौसाच्या वेळीही असंच उतरलं होतं. एक म्हातारी मटकन चिखलात बसली. कुणीतरी वेळाईचं नाव घेतलं, तेही अर्धंच.

मग झाडावर कुणीतरी चढताना दिसलं. बोडक्या डोक्याचा माणूस. रायबा! त्या वयात, त्या वाऱ्यात, निसरड्या फांद्यांवरून तो शेंड्यापर्यंत गेला आणि लुगड्याच्या जागी काहीतरी बांधायला लागला. बांधून हात काढला तसं ते वाऱ्यावर फडफडलं. इवलंसं. हातरुमालाएवढं. आधी कुणाला कळेचना. मग बायकांना कळलं. बायकांनाच आधी कळणार! बाळाचा लंगोट होता तो.

आबा सांगतात, थोरलीवर त्या दिवशी असा काही ओरडा झाला की तिकडे बाळ दचकून रडायला लागलं. माणसं पावसात नाचली, ज्या बायका आवडाला बुजवाबुजवीवरून चिडवायच्या त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आणि रायबा फांदीला मिठी मारून वरच बसून राहिला. चढताना चढला होता, उतरता येत नव्हतं. त्याला खाली काढायला धाकटीवरची माणसं दोर घेऊन आली.

मुलगी झाली होती. दुपारी सोनायने निखाऱ्यांवर कालवं भाजली आणि आवडाच्या पुढ्यात ठेवली. आवडाने किती खाल्ली, ते कुणी मोजलं नाही. खाऊन झाल्यावर ती पानावरच्या शिंपा गोळा करून उठायला लागली तर सोनायने त्या तिच्या हातातून काढून घेतल्या. म्हणाली, "तू बस. या मी टाकते." आणि पाऊस पडत असताना, भरती असताना, गुडघाभर पाण्यात शिरून वाटेच्या टोकाला टाकून आली.

तेव्हापासून कुणी घरामागे शिंप टाकली नाही. दोन्हीकडची माणसं पाट्या भरून भरून नेऊ लागली, आणि आता धारेवर नाही तर दर्याने दाखवलेल्या जागी. एकदोघा हुशार तरुणांनी मधे ती सरळ करायला घेतली होती म्हणे. पुढच्या पावसाळ्यात दर्याने त्यांचं काम उचलून पुन्हा वळणावर नेऊन ठेवलं. पुढे कुणी त्या फंदात पडलं नाही. हळूहळू थोरलीवरची आणि धाकटीवरची असं म्हणणंही कमी झालं. दोन टेकड्यांचं एक बेट झालं, त्याला उंडणी नाव पडलं.

एवढं होईपर्यंत होडी धक्क्याला लागलेली असते. आबा दोर फेकतात. उतरता उतरता कुणीतरी विचारतंच, "पण आता तर इंजिनच्या होड्या आहेत, दवाखान्यातली नर्सबाई आहे, फोन आहे. आता कशाला लागते ही वाट?"

आबा म्हणतात, "ओहोटी कधी हाय बघा, आणि जाऊन उभे राहा."

आजही उंडणीवर सून सातव्यात आली की तिला घरात ठेवत नाहीत. काम किती का असेना. सुकट अंगणात पडलेली असो, सण असो, काही असो. मुहूर्त पंचांगातला नाही, ओहोटीचा. पाणी उतरलं की सासू स्वतः तिला हाताला धरून वाटेवर आणते, माहेरचे समोरून येतात, आणि बरोबर वळणावर, चारी बाजूंना समुद्र, तिथे तिची ओटी भरतात. माहेर-सासर एकाच गल्लीत असलं तरी तिथेच यायचं. बायका नारळ-तांदूळ आणतात. पुरुषांनी मात्र प्रत्येकी एक पाटी शिंपा आणायच्या, आणि बोडक्या डोक्याने आणायच्या. टोपी, मुंडासं, आताच्या पोरांच्या त्या क्रिकेटच्या कॅपासुद्धा, सगळं काठावर काढून ठेवायचं. शिंपा ओतायच्या, पाटी झटकायची, मागे सरकायचं.

ओटी भरली की परत फिरायचं. पुढे पोटुशी बाई, मागे सगळं गाव, आणि तिच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही असा नियम. पण समुद्र काही नियम पाळत बसत नाही. तो घोट्यांना लागायला सुरुवात होते, आणि मागून एकच कालवा सुरू होतो, "चल गो बाय! भरती लागली! उचल पाय!"

आणि ती, जी कुणी असेल ती, कमरेवर हात ठेवून भर समुद्रात थांबते, मागे वळते आणि सगळ्या गावाला सुनावते, "घाई कसली झालीय? येवढं पोट घेऊन पळू काय?"

मग गाव गप्प उभं राहतं, पाण्यात, पाट्या डोक्यावर घेऊन, ती निघेपर्यंत.